ओट्याच्या पायऱ्या मोजा

धुळ्याच्या जुन्या शहरात गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर चार, पाच, सहा. नवख्याला वाटतं ही अलीकडची सोय असावी. पण हे शहर मुळातच आखून वसवलेलं. 1818 साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, कॅप्टन ब्रिग्जने धुळं मुख्य ठाणं म्हणून निवडलं आणि 1819 च्या जानेवारीत सरकारी कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळवली. लांबून कारागीर आणले. वसायला येणाऱ्यांना घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने दिली, पक्कं घर बांधायला वर उचलही दिली. म्हणजे आज ज्याला आपण 'जुनं धुळं' म्हणतो ते एका वाढत्या शहराचं नवं बांधकाम होतं. वाढ आणि वारसा यांची जन्मजात भाऊबंदकी असल्यासारखं जे बोललं जातं, ते निदान इथे तरी खरं नाही.

भांडण आहे ते पाण्याचं. जुन्या वाड्याचं काय चाललंय हे कळायला आत जायचीही गरज नाही. रस्त्यावर उभं राहून ओट्याच्या पायऱ्या मोजाव्यात. तीन-चार पायऱ्यांचा ओटा आज एका पायरीवर आलेला दिसतो. काही घरांत तर रस्त्यावरून खाली उतरून जावं लागतं. घर खचलेलं नसतं, रस्ता चढलेला असतो. डांबराचा एक थर दोन-तीन इंचांचा, काँक्रीट केलं तर सहा-आठ इंच, आणि जुना थर खरवडून काढण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. निवडणुकीगणिक रस्ता उंचावतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

यात बिघडतं काय? आपल्याकडचं जोतं काळ्या दगडाचं असतं. दगड घट्ट, पाणी फारसं पीत नाही. त्याच्या वर पांढऱ्या मातीच्या विटांची भिंत, दोन ते तीन फूट जाडीची. बाहेरच्या अंगाला भाजकी वीट, आत कच्ची, आणि अनेकदा मधे नुसती भर. जोत्याचं काम एवढंच, की पाणी आणि माती यांची गाठ पडू द्यायची नाही. रस्ता जोत्याच्या माथ्याला भिडला की ती राखण संपते. पावसाचं पाणी, गटारीचं पाणी, नळाच्या फुटक्या जोडाचं पाणी थेट पांढरीत, म्हणजे त्या पांढऱ्या मातीत, शिरतं. भिंत ते वर ओढते, पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागाशी स्फटिक होऊन बसतात. तोच लोणा. वीट पिठासारखी झडू लागते. भुयारी गटारीसाठी किंवा जलवाहिनीसाठी भिंतीला लागून चर खणला आणि माती न ठोकता नुसती लोटून दिली, तर तो चर पावसाळ्यात हौदाचं काम करतो.

याला महापालिकेच्या पातळीवर एकच ओळ पुरेशी आहे. रस्त्याच्या अंदाजपत्रकात 'जुना थर यंत्राने खरवडून काढणे आणि रस्त्याची अंतिम पातळी आजच्या पातळीपेक्षा वर न नेणे' असं लिहून घ्यायचं, आणि काम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंच्या जोत्यांच्या पातळ्या नोंदवायच्या. वारशासाठी वेगळा निधी, समिती, फलक हे सगळं नंतर. घरमालकाच्या हातात आहे तो ओट्याच्या कडेने स्वतःच्या हद्दीत काढलेला नऊ इंच रुंद, फूट-सव्वा फूट खोल दगडी पाट. वर जाळी, गटारीकडे उतार. भिंतीचा पाय उघडा राहिला, त्याला वारा लागला, की दोन उन्हाळ्यांत फरक दिसतो.

आता वर चढू. खानदेशी घराचा जीव धाब्यात, म्हणजे मातीच्या सपाट छतात.

धाबं खालून वर असं वाचायचं: दगडी उथळ्यावर सागाचा खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त (आडवा लाकडी ठोकळा), हस्तावर तुळई (मुख्य आडवं लाकूड), तुळईवर फूट-दीड फुटाच्या अंतराने कड्या (बारीक आडवी लाकडं), कड्यांवर किलचण (लाकडी पट्ट्या) किंवा फळ्या, त्यावर निंबाचा किंवा पळसाचा पाला, त्यावर भुसा घालून मळलेल्या मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर खारी माती. खाऱ्या मातीत सोडियम असतो. पाणी लागलं की तिचे बारीक कण सुटे होतात, फुगतात आणि खालची भोकं बुजवतात. म्हणून पहिल्या पावसात धाबं थोडं टिपकतं आणि नंतर गळायचं थांबतं. सातपुड्याच्या पायथ्यापासून गिरणेच्या काठापर्यंत लोकांनी प्रयोगशाळेशिवाय हे शोधून काढलं, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा त्याच फूटभर मातीखाली माणसं दुपारची झोप काढत आली. बाजूच्या स्लॅबच्या घरात त्या वेळी कूलरही गरम हवा फेकत असतो.

पण धाब्याला एक खोड आहे, आणि बहुतेक वाडे त्याच खोडीने जातात. दरवर्षी पावसाआधी वर खारी टाकायची पद्धत. टाकण्याआधी जुना थर तेवढाच खरवडून काढायचा असतो, हे मात्र दोन पिढ्यांपूर्वीच विसरलं गेलं. हिशोब करून पाहा. एक चौरस फुटावर एक इंच कोरडी माती म्हणजे सुमारे 4 किलो. 10 बाय 15 फुटांच्या खोलीवर एक इंच जादा म्हणजे 600 किलो, भिजली तर 700. नऊ इंचांचं धाबं वाढत वाढत दीड फुटावर गेलेलं असेल, तर त्या एका खोलीच्या डोक्यावर कोरडं वजन जवळजवळ 11 टन. साग हे सहन करतो, कारण साग फार सोशिक. मग एखाद्या वर्षी कडीचं भिंतीतलं टोक कुजतं आणि सगळा भार शेजारच्या दोन कड्यांवर जातो. आषाढातल्या संततधारेत जे कोसळतं, त्याची तयारी वीसेक वर्षं चाललेली असते. वर्तमानपत्रात छापून येतं: 'जीर्ण वाडा पावसाने कोसळला'.

म्हणून दुरुस्तीतलं पहिलं काम म्हणजे वजन उतरवणं. त्याआधी खाली टेकू लावायचे. प्रत्येक तुळईखाली लोखंडी टेकू किंवा जाड बल्ली, पायाशी आणि डोक्याशी फळी, आणि वरच्या मजल्याचा टेकू खालच्या मजल्याच्या टेकूच्या बरोब्बर रेषेत. नाहीतर वरचा भार मधल्या फळ्यांवर येतो. पाचर हाताने घट्ट बसेल एवढीच ठोकायची. वाकलेली तुळई एका दिवसात सरळ करायचा मोह आवरावा. रोज एक-दोन मिलिमीटर उचलली तरच तिच्यावरची भिंत तडकत नाही. माती काढताना एका बाजूने सुरुवात करून दुसरीकडे सरकत जायचं नसतं. दोन्ही कडांकडून मध्याकडे, थर थर, सारखं यायचं. उकरलेली माती धाब्यावरच ढीग लावून ठेवणारे ठेकेदार असतात. त्यांना तिथल्या तिथे खाली उतरवावं.

माती निघाली की लाकूड उघडं पडतं. तपासणी सोपी आहे: लाकडी हातोडीने टोकापासून मध्याकडे ठोकत जायचं. धड लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं बद्द. शंका आली तिथे टोचा घालायचा. अर्धा इंच सहज आत गेला तर तेवढा भाग संपला. कडी जवळजवळ नेहमी भिंतीत घुसलेल्या सहा-आठ इंचांत कुजते. मधला दहा फुटांचा साग शंभर वर्षांनंतरही रंधा मारला की तेलकट वास सोडतो. अख्खी कडी फेकून भंगारवाल्याला देण्यात काहीच शहाणपण नाही. कुजका भाग धड लाकडापर्यंत कापायचा, जुन्याच सागाचा तुकडा तिरका सांधा करून जोडायचा, सांध्याची लांबी कडीच्या उंचीच्या किमान तिप्पट ठेवायची आणि न गंजणारे बोल्ट घालायचे. भिंतीत टोक बसवताना भोवती बोटभर पोकळी सोडायची. हवा खेळली तर लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहते, आणि तिच्या खाली बुरशीला जगता येत नाही. हीच पोकळी गवंडी प्रेमाने सिमेंटने भरून टाकतो, म्हणून त्या दिवशी तिथे उभं राहणं भाग आहे.

वर पुन्हा काय घालायचं? हौस आणि माणसं असतील तर सहा-सात इंचांचं धाबंच. नसतील तर विटांच्या तुकड्यांचा चुन्यातला कोबा, चार इंच, दहा फुटांना तीन इंच उतार, थाप्यांनी दिवसेंदिवस ठोकून, वर गुळाचं आणि बेलफळाच्या गराचं पाणी शिंपडत. त्याचं वजन चौरस फुटाला 18 किलोच्या आसपास येतं; फूटभर धाब्याचं 48. लोकांना मात्र हवा असतो स्लॅब. पाच इंची स्लॅब वजनाला फूटभर धाब्यापेक्षा हलकाच असतो, तेव्हा 'स्लॅब जड म्हणून नको' हे सांगणं खोटं आहे. तो नको तो त्याच्या ताठपणामुळे. हिवाळ्यातली पहाट आणि मेमधली दुपार यांत स्लॅबच्या तापमानात 40 अंशांचा फरक पडला, तर 20 फुटांचा स्लॅब सुमारे अडीच मिलिमीटर लांबतो आणि पुन्हा आखडतो. सिमेंटची चौकट हे झेलते. पांढरीची भिंत वर्षानुवर्षं ढकलली जाते, तिच्या माथ्याशी आडवी भेग उघडते, त्या भेगेतून पाणी शिरतं. पत्र्यांचं म्हणाल तर दोन-चार पावसाळे निभावून न्यायला पत्रे चांगलेच. फक्त त्यांचं सगळं पाणी एका कोपऱ्यातून शेजाऱ्याच्या भिंतीवर पडतं का, ते आधी बघावं.

सिमेंटवर इतकं तोंडसुख का, असं कोणी म्हणेल. सिमेंट त्याच्या जागी उत्तम आहे. मातीच्या भिंतीवर ते रेनकोटसारखं वागतं: बाहेरचं पाणी अडवतं आणि आतला घाम आतच ठेवतं. गिलावा भिंतीपेक्षा ताठ, त्यामुळे त्याला केसाएवढ्या चिरा जातात. त्यांतून पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नसते. ओल वर चढत जाते आणि गिलावा जिथे संपतो तिथे, म्हणजे पहिल्या मजल्याच्या कड्यांपाशी, बाहेर पडू बघते. सिमेंटमधले क्षार वेगळेच. दहा वर्षांनी असा गिलावा ठोकून पाहिला तर पोकळ वाजतो. काढला की मागून विटा निघत नाहीत, चिखल निघतो. आणि लोक म्हणतात, बरं झालं सिमेंट होतं म्हणून भिंत टिकली.

चुन्याचं काम अवघड नाही, धीराचं आहे. कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना आणायचा. आधी टाकीत पाणी, मग त्यात थोडाथोडा चुना. उलट केलं तर उकळी फुटून अंगावर उडतो. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, पोरंबाळं लांब. विझलेला चुना बारीक जाळीतून गाळून पाण्याखाली किमान तीन आठवडे ठेवायचा. तीन महिने ठेवला तर लोण्यासारखा होतो. न विझलेला खडा गिलाव्यात राहिला तर तो महिन्या-दोन महिन्यांनी फुगतो आणि गिलाव्याला फोड येऊन टिकली उडते. ओलीच्या भिंतीला एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग वाळू. सुरखी भट्टीच्या जेमतेम भाजलेल्या, पिवळसर विटांची घ्यावी. जळून काळ्या झालेल्या विटांची सुरखी चुन्याला धरत नाही. वाळू धुतलेली. 100 चौरस फुटांना 20 मिलिमीटर जाडीने, खाचखळगे धरून, सुमारे अडीच घनफूट चुना, तेवढीच सुरखी आणि पाच घनफूट वाळू लागते. दोन हातांत करायचं, प्रत्येक हात दहा-बारा मिलिमीटर, मधे काही दिवसांचं अंतर. ताग बोटभर कापून पिंजून घातला तर चिरा कमी जातात. गूळ जपून, जास्त झाला तर चुना धरायला वेळ लावतो आणि मुंग्यांची जत्रा भरते.

आणि हे काम उन्हाळ्यात नाहीच करायचं. खानदेशातल्या एप्रिल-मेची लू लागली की गिलाव्यातलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं, चुना धरतच नाही, हात फिरवला की भुकटी होते. दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ योग्य. तेव्हाही ओलं गोणपाट टांगून आठ-दहा दिवस भिंत ओली ठेवायची. जुन्या सांध्यांत माती असेल तर दरजाही (विटांमधल्या फटी) चिखलानेच भरायच्या. जुन्या सांध्यात चुना आहे का, हे एका तुकड्यावर व्हिनेगर टाकून कळतं: फसफसला तर चुना. भिंतीचं पोट सुटलं असेल, म्हणजे दोन पदर एकमेकांपासून सुटून मधली भर खाली बसली असेल, तर गिलाव्याने काही होत नाही. दर तीन-चार फुटांवर आरपार लांब दगड घालावे लागतात आणि पोकळीत चुन्याची पातळ लापशी खालून वर, थांबत थांबत, नुसत्या नरसाळ्याने सोडावी लागते. पंपाने दाबली तर सुटलेला पदर अंगावर येतो.

कूलर राहिला. चार महिने खिडकीखाली थेंब थेंब पाणी भिंतीवर. पावसाळ्याइतकंच नुकसान, फक्त बिनआवाजी. स्टँड भिंतीपासून हातभर लांब घ्यावा आणि खाली नळी लावून पाणी मोरीत सोडावं. वरच्या मजल्यावरच्या नव्या संडास-बाथरूमचंही तसंच. लाकडी तक्तपोशीवर (फळ्यांच्या जमिनीवर) ओलं काम करण्यापेक्षा चौकाच्या कोपऱ्यात, जमिनीवर स्वतंत्र बांधावं.

वाढत्या शहराचा खरा धक्का शेजारून येतो. जुन्या भिंतीचा पाया तीन-पाच फूट खोल, मुरमाला टेकलेला. शेजारचा वाडा पडतो, तिथे व्यापारी संकुल उभं राहणार असतं, आणि तळघरासाठी जेसीबी दोन दिवसांत दहा-बारा फूट खोल कड उभी कापतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते; तिची बाजू उघडी पडली की सामाईक भिंतीचा आधार सरकतो. अशा खोदाईला टप्पे हवेत: चार-पाच फुटांची पट्टी खणायची, तिथली नवी भिंत उभी करायची, मधली पट्टी सोडून पुढची घ्यायची. खोदाईआधी आपल्या घरातल्या प्रत्येक भेगेचा तारखेसह फोटो काढावा, भेगेवर प्लास्टरने काचेची पट्टी चिकटवावी आणि तसं पत्र शेजाऱ्याला व पालिकेला देऊन पोच घ्यावी. काच तडकली की भेग हलती आहे, हे कोणालाही नाकारता येत नाही.

मग येते ती नोटीस. मे महिना आला की पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. महापालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली अशी घरं उतरवायला लावता येतात. इमारतींचे चार वर्ग आहेत. सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-2बी म्हणजे राहत्या घरात दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ काम. सगळा खेळ या अक्षरांत आहे. संरचना तपासणीच्या नेहमीच्या चाचण्या, म्हणजे हातोडीच्या उसळीची किंवा ध्वनिलहरींची, काँक्रीटसाठी आहेत. पांढरीच्या भिंतीवर आणि सागाच्या तुळईवर त्यांचे आकडे निरर्थक येतात, आणि निरर्थक आकड्यावर अभियंता सुरक्षित बाजू म्हणून सी-1 लिहून मोकळा होतो. अहवाल मागताना लेखी सांगावं की भिंतींचा ओळंबा, लाकडातली ओल, कड्यांच्या टोकांची तपासणी आणि भेगांची एका पावसाळ्याची नोंद हवी. काही घरं खरोखरच सी-1 असतात हेही मान्य करायला हवं. सामाईक भिंत जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ओळंब्याबाहेर गेली असेल तर वारसा वगैरे बोलत बसू नये. माणसं बाहेर काढावीत, मोजमाप आणि फोटो घ्यावेत, लाकूड नंबर टाकून उतरवावं.

कायद्याचं कुंपण आपल्याकडे विरळ आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरांत नव्या बांधकामाला मनाई, त्यापुढच्या 200 मीटरांत नियमन, हे झालं स्मारकांचं. गावातल्या वाड्यांसाठी डिसेंबर 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींची श्रेणी 1, 2, 3 अशी यादी करायची तरतूद आहे. पण यादी झाली तर पुढचं. यादीत आलं की हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकायची मुभा, मिळतो म्हणतात. पुण्यात त्याला विकत घेणारा असतो. जिथे शहराबाहेर बिनशेती प्लॉट मुबलक मिळतात तिथे त्याला कोण गिऱ्हाईक? जळगावात पालिकेची स्वतःचीच इमारत सतरा मजली. उंचीचं कौतुक असलेल्या गावात दुमजली वाड्याने कोणाकडे पाहावं?

म्हणून उत्तर घरातच शोधावं लागतं, आणि तिथे कुलूप असतं ते मिळकत पत्रिकेवरच्या नावांचं. आजोबांच्या नावावरचा वाडा, वारसनोंदी होत होत वीस-पंचवीस नावं. कोणी सुरतेला, कोणी नाशकात, कोणी पुण्यात. गळतंय हे सगळ्यांना माहीत, पण खर्च कोणी करायचा आणि केला तर त्याचा हक्क वाढतो की काय, या धास्तीने कोणी वर चढत नाही. यावर वाटणीपत्राची वाट पाहू नये. वाटणीच्या आधी वाडा पडतो. साधं संमतीपत्र करावं: दुरुस्तीने कोणाचाही हिस्सा कमी-जास्त होणार नाही, खर्च हिश्शाच्या प्रमाणात, ज्याने आगाऊ केला त्याला वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी आधी परत, बँकेत संयुक्त खातं, काढायला दोघांच्या सह्या. मुलीही बरोबरीच्या वारस आहेत, त्यांच्या सह्या नसतील तर कागद लंगडा.

आणि या सह्यांना खानदेशात एक दिवस आयता आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, भाऊ गावी येतात, झोका बांधायला कडी भक्कम आहे का हे कोणीतरी बघतंच. सकाळी घागर पुजली, दुपारी पुरणपोळी आणि आंब्याचा रस झाला, की माणसं आडवी व्हायच्या आत कागद पुढे करावा. आखाजी एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते, मृग 7-8 जूनला लागतो. मधल्या काही आठवड्यांत टेकू लागतात, धाब्यावरची जादा माती उतरते, पन्हळी मोकळ्या होतात, खारीचा हात फिरतो. चुन्याचं काम दिवाळीनंतर. खात्यातून पहिला धनादेश धाब्यावर चढणाऱ्या माणसाच्या मजुरीचा काढावा, आणि तो दरवर्षी काढावा लागेल हे त्याच संमतीपत्रात, रकमेसह, लिहून ठेवावं.